माझं शीर्षासन आणि भिंतीवरचे टाचांचे डाग

"मॅडम, भीती काढा मनातून." हे वाक्य मी तीन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की अजून कुणी बोललं तर डोकं फिरतं. मला भीती नव्हतीच. माझे पाय उचलले जात नव्हते, बस्स.

सुरुवात झटपट झाली. गुडघ्यांवर बसून कोपरं टेकायची, बोटं गुंफायची, टाळू जमिनीला आणि डोक्याची मागची बाजू तळव्यांच्या ओंजळीत. टाळूची जागा शोधायला तळहाताची टाच नाकाच्या मुळाशी ठेवायची, मधलं बोट वर जिथे पोचतं ती साधारण जागा. पुढे गुडघे सरळ करून पावलापावलाने पाय चेहऱ्याकडे आणायचे. इथे घोडं अडलं.

चेहऱ्यापासून दीड-दोन हातांवर पावलं आली की मांडीमागची शीर अशी ताणायची की गुडघे आपोआप वाकायचे. मग क्लासमधल्या सगळ्यांसारखी मीही लाथ मारायचे. कधी पाय अर्ध्यातून खाली, कधी धाडकन भिंतीवर. भिंतीवर पाय टेकले की सर "व्वा!" म्हणायचे. मला ते कधीच आसन वाटलं नाही. कंबर केळ्यासारखी वाकलेली, मानेवर सगळा भार, श्वास कोंडलेला. भिंत सोडली की दोन सेकंदांत खाली. घरीही तोच उद्योग. आमच्या भिंतीवर टाचांचे दोन काळपट डाग पडले, ते अजून आहेत.

शेवटी वैतागून मोबाईल जमिनीवर उभा केला आणि बाजूने व्हिडिओ काढला. चाळीस सेकंदांत सगळं कळलं. माझी कंबर खांद्यांच्या वर आलेलीच नव्हती, वीतभर मागे होती. एवढं वजन मागे लोंबत असताना पाय हलके होणार कुठून? शिवाय कोपरं बाहेर सरकत होती, त्यामुळे खांदे कानांत घुसले होते. हे तीन महिन्यांत कुणाच्या नजरेला पडलं नाही, भीती मात्र सगळ्यांना दिसली!

त्या दिवसापासून लाथ मारणं बंद. दोन कोपरांत खांद्यांएवढंच अंतर हवं. ते मोजायला उजव्या हाताने डावं कोपर आणि डाव्याने उजवं धरायचं, तेवढंच. ते हलू नये म्हणून दंडांभोवती, कोपरांच्या जरा वर, पट्टा बांधला. रोज दहा श्वास तीच स्थिती, पण डोकं जमिनीपासून उचलून, हातांनी जमीन दाबत. हे जमत नसेल तर डोकं टेकूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण भार हातांनी पेलायचा असतो. मानेचे सात मणके काही त्यासाठी नाहीत. उरलेला वेळ पुढे वाकून मांडीमागचे स्नायू मोकळे करण्यात. कंटाळवाणं होतं, खोटं कशाला बोलू.

साधारण पाच आठवड्यांनी एका सकाळी पावलं पुढे सरकवता सरकवता अंगठे जमिनीला नुसते चिकटल्यासारखे वाटले, वजनच नाही. गुडघे छातीशी घेतले आणि मी तशीच, गाठोड्यासारखी, उलटी. आठवडाभर त्या गाठोड्यातच राहिले. पाय सरळ करायला पुढे चारच दिवस लागले.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: जेवणानंतर तीन-चार तास करू नका. वर असताना कुणी हाक मारली तर मान वळवू नका. खाली मऊ गादी नको, घट्ट दुमडलेली चादर पुरते. तोल गेलाच तर बोटं सोडवून पाठ गोल करा. उतरल्यावर कपाळ टेकून थोडा वेळ पडून राहा, नाहीतर गरगरतं.

फायद्यांबद्दल लोक काहीही सांगतात. केस वाढले नाहीत. मेंदूला जास्त रक्त मिळून बुद्धी वाढते हेही मला पटत नाही; तिथला रक्तपुरवठा शरीर स्वतःच आटोक्यात ठेवतं. पण खांदे आणि पोट भक्कम झालं, तोल सुधारला, आणि त्या मिनिटभरात दुसरं काही सुचत नाही, हा मोठा आराम. माझं बघून मावशीलाही हुरूप आला. तिला काचबिंदू आहे. उलटं झाल्यावर डोळ्यांतला दाब जवळपास दुप्पट होतो, म्हणून मी तिला ठाम नाही म्हटलं. ती दोन दिवस रुसली. रक्तदाब, हृदयाचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारा.

मागच्या महिन्यात क्लासमध्ये खोलीच्या मधोमध, भिंतीशिवाय, पूर्ण मिनिटभर उभी राहिले. उतरून कपाळ टेकलं तर वरून सरांचा आवाज, "बघा, गेली की नाही भीती!"

मी डोकं वर काढलंच नाही.