माळकरी आजी आणि माशाचे कोलॅजेन

मासे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात का, हा प्रश्न भाजलेल्या जखमेवर कोलॅजेनची, म्हणजे प्राण्यांच्या कातडीत असणाऱ्या प्रथिनाची, शीट लावण्यापूर्वी आमच्या विभागात प्रत्येक रुग्णाला विचारला जातो, कारण आम्ही वापरतो ती शीट माशापासून बनवलेली असते. उकळते दूध सांडून मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेल्या एका आजींना मी तो विचारला, तेव्हा त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ बोटात धरून दाखवली.

"माळ घातल्यापासून घरात मासं शिजलं न्हाई, डॉक्टर. पण ते कशाला इचारता?"

मुलाने संमतीपत्रावर सही केलेली होती. त्यात 'जैविक ड्रेसिंग' एवढेच छापलेले होते.

जखम वरवरच्या दुसऱ्या श्रेणीची होती, आणि अशा जखमेला कोलॅजेन फार चांगले लागू पडते. स्वच्छ केलेल्या जखमेवर भिजवलेली शीट चिकटते, उघड्या पडलेल्या मज्जातंतूंची टोके झाकली गेल्याने वेदना उतरते, खालून नवी त्वचा भरत जाते आणि शेवटी शीट वाळून आपोआप सुटते. पट्टी पुन्हा पुन्हा सोलून काढावी लागत नाही, हा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ.

माशाकडे वळण्याची कारणे तशी ठोस आहेत. गाईगुरांच्या ऊतींतून येणाऱ्या रोगांची भीती तिथे नाही आणि एरवी फेकून दिले जाणारे खवले व कातडी कामी येतात. अडचण आहे ती उष्णतेची: सस्तन प्राण्यांच्या कोलॅजेनची तिपेडी रचना 40 अंश सेल्सियसच्या आसपास उलगडते, तर थंड समुद्रातल्या कॉड माशाची, तिला स्थिर ठेवणारे हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल कमी असल्यामुळे, सुमारे 15 अंशांनाच, म्हणून उष्ण पाण्यातले मासे निवडावे लागतात किंवा कोलॅजेनचे धागे एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडून घ्यावे लागतात. या साऱ्याच्या जोडीला एक वाक्य परिषदांमधून हमखास ऐकू येते, की माशाच्या कोलॅजेनला धर्माची आडकाठी नाही. गाय आणि डुक्कर एवढेच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवले तर ते खरे आहे. ज्यांनी हे वाक्य प्रथम लिहिले, त्यांनी वारकरी पाहिलेला नसावा.

मी आजींना सारे सांगितले. ही शीट खायची नाही, मासा तिच्यासाठी मुद्दाम मारलेला नाही, दुखणे कमी होईल, असे मुलानेही समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दुखलं तर दुखू द्या. अंगाला लावून घेणार न्हाई."

अशा वेळी शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांचे काम आठवते. त्यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचे ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर वापरून 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. आजींनी ते पान आनंदाने लावून घेतले असते. पण आमच्याकडे तशी तयारी नव्हती. शेवटी पॅराफिन गॉज, म्हणजे पॅराफिन लावलेले जाळीदार कापड, वापरले. पट्टी बदलताना त्यांना त्रास झाला, तरी हात उत्तम भरून आला.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी, सलाईन लावताना आला: "मग ह्या कॅप्सूलचं कवच कशाचं हाय?" ते बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कोलॅजेनचेच असते, हे मला सांगावे लागले. केसपेपरवरची कॅप्सूल खोडून मी तेच औषध गोळीच्या रूपात लिहून दिले.