मांडव उतरला, आता पावसाआधी काय काय उरकायचं

वैशाखातलं लग्न पार पडलं की कोल्हापुरातल्या घरात कामांचा ढीग लागतो. दमलेली माणसं मग जे डोळ्यांना खुपतं ते आधी आवरायला घेतात. सोफ्यावरचे कपडे, रुखवताचं टेबल, भेटवस्तूंची खोकी, हे सगळं महिनाभर तसंच राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पातेल्यात उरलेलं अन्न, दुसऱ्याच्या घरचं सामान, सरकारी मुदतीचं काम आणि जून लागल्यावर ज्याला ऊन मिळणार नाही ते. त्यामुळे खोल्यांच्या क्रमाने आवरू नका, मुदतीच्या क्रमाने आवरा. आपल्याकडे ही मुदत पाऊसच ठरवतो.

एक जागा मात्र हलवायची नाही, ती देवकाची. मांडव परतणी कधी करायची आणि देवक कितव्या दिवशी उठवायचं हे घराघरात वेगळं असतं. थोरल्या माणसाला विचारून दिवस ठरवा आणि तोवर त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा घालू नका. मदतीला आलेल्या पाहुण्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण उत्साहाने आवरणारे तेच असतात.

पहिला हात अन्नाला. मे महिन्याच्या उकाड्यात शिजलेला भात तासा-दोन तासांपुढे बाहेर ठेवू नका. भातात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात की भात पुन्हा वाफवला तरी ते जात नाही, म्हणून 'गरम करून खाऊ' हा उपाय इथे चालत नाही. मसालेभातात ओलं खोबरं पडलेलं असेल तर तो आणखी लवकर आंबतो. कुणाला द्यायचा असेल तर पंगत उठताच द्या, रात्री भांडी घासून झाल्यावर नाही. दुधाची मिठाई त्याच दिवशी संपवा. बुंदीचे लाडू आठवडाभर टिकतात, पण डब्यात भरताना पूर्ण गार झालेले हवेत. कोमट लाडू झाकले की झाकणाला घाम येतो आणि बुरशी तिथूनच धरते. तळणीचं उरलेलं तेल काळपट झालं असेल, कढईत फेस धरत असेल किंवा लवकर धुरावत असेल तर ते पोटात घालू नका आणि मोरीतही ओतू नका. पाइपात ते थिजून बसतं. जुन्या चिंध्यांत किंवा भुशात जिरवून कचऱ्यात द्या.

मोरीवरून अक्षतांचंही सांगायला हवं. घरात, जिन्यात, गच्चीवर पडलेले तांदूळ झाडूनच उचला. पाण्याने लोटलेले तांदूळ पाइपात फुगतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी उलटं येतं.

दुसरा हात परक्या वस्तूंना. तालमीची किंवा समाजाची मोठी पातेली, पराती, झारे, ओगराळी ज्या यादीने आणली त्याच यादीने, दोघांनी मिळून मोजून परत करायची. तळाला करपलेल्या पातेल्यात बोटभर पाणी आणि दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी लाकडी उलथण्याने करप सुटते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मात्र सोडा नको, ते काळं पडतं. तिथे पाण्यात चिंच उकळा. शेजारणींचे डबे नावं बघून लावून ठेवा आणि रिकामे पाठवू नका, दोन लाडू किंवा मूठभर चिवडा घालून पाठवा. गॅसचे 19 किलोचे रिकामे सिलिंडर, खुर्च्या, सतरंज्या आणि हॉलची अनामत यांचा हिशेब त्याच आठवड्यात मिटवा. चार आठवड्यांनी तुटलेली खुर्ची कुणाची होती हे कुणालाच आठवत नाही.

आहेराची वही शांत डोक्याने पुन्हा नीट लिहून काढा. नुसतं 'पाटील, 501' याचा पुढे काही उपयोग नाही. पूर्ण नाव, गाव, कुणाच्या बाजूचे, रोख की वस्तू, असं लिहा. त्यांच्या घरी कार्य निघेल तेव्हा ही वही उघडायची असते. लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या आहेरावर प्राप्तिकर लागत नाही. ही सवलत वधूवरांपुरतीच आहे, आई-वडिलांच्या नावाने आलेल्या मोठ्या रकमेला ती नाही. म्हणून पाकिटं कुणाच्या नावाची होती याचीही नोंद ठेवा.

आता ओटी. सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. प्रत्येक सवाष्णीने भरलेले तांदूळ, गहू, नारळ, खण, खोबऱ्याच्या वाट्या, खारका, हळकुंडं, सुपाऱ्या एकाच गाठोड्यात बांधून कपाटावर टाकले की पंधरा दिवसांत किडे फिरायला लागतात. चादर पसरून सगळं वेगळं करा. हळदी-कुंकू लागलेले तांदूळ चाळून वर्तमानपत्रावर सावलीत पसरा. ते साठवणीच्या तांदळात कधी मिसळू नका, लागलीच दळून घावनाला किंवा थालीपिठाला वापरा. नारळ कानाशी हलवून बघा. पाणी खळखळत असेल तर तो शेंडीसकट, डोळे वर करून, हवेशीर जागी ठेवला की टिकतो. पाण्याचा आवाज येत नसेल किंवा डोळ्यापाशी ओल दिसत असेल तर आजच फोडा. फोडलेला नारळ त्याच दिवशी खवून फ्रीझरमध्ये टाका किंवा वड्या करा. दोन वाट्या खोबऱ्याला दीड वाटी साखर पुरते. ओटीतल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि हळकुंडं मात्र बाजूला काढून ठेवा. ती वर्षाच्या चटणीला, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याला, लागणार आहेत.

हळदीचे डाग घाईने घासू नका. कपड्यावरची सुकी हळद आधी झटका, मग गार पाण्यातून काढा. गरम पाण्याने आणि इस्त्रीने डाग पक्का बसतो. साबण लावला की डाग लालभडक होतो. त्याने घाबरून जायचं कारण नाही, साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग तसा बदलतो. साबण निघाला की तो पुन्हा पिवळा होतो. खरं काम ऊन करतं. ओला कपडा डागाची बाजू वर करून थेट उन्हात तीन-चार तास टाका, वाळला की पाणी शिंपडा, आणि दोन-तीन दिवस हेच करा. मेच्या उन्हात सुती कापडावरची हळद जवळजवळ निघून जाते, जूनच्या ढगाळ हवेत ती तशीच राहते. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनाही हेच औषध. रेशमाला आणि जरीला मात्र ऊनही नको आणि ब्लीचही नको. ते कपडे ड्रायक्लीनला देताना डाग कशाचा आहे हे तोंडाने सांगा.

शालू नेसून झाल्यावर घडी घालून लगेच कपाटात टाकू नका. उलटा करून सावलीत, पंख्याखाली एक-दोन दिवस वारा द्या. तेलकट डागावर तांदळाचं पीठ किंवा टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी हलकेच झटका. धुऊन आला की दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका. पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि जरीची तार काळी पडते. जुन्या पांढऱ्या धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका आणि दर तीन महिन्यांनी घडीची रेघ बदला, नाहीतर कापड त्याच रेघेवर फाटतं. ब्लाउज वेगळा ठेवायचा, कारण त्याचा घाम आणि हुकांचा गंज साडीला लागतो.

दागिन्यांत साजाची काळजी वेगळी. पारंपरिक कोल्हापुरी साजाच्या मण्यांच्या आत लाख भरलेली असते. असा साज गरम पाण्यात साबण घालून भिजवला की लाख मऊ होते, मणी पिचकतात आणि आतली पोकळी उघडी पडते. मऊ सुती कापडाने कोरडाच पुसा. घाम फारच बसला असेल तर कापड किंचित ओलं करून पुसा आणि लगेच कोरडं करा. तार सैल वाटली तर लॉकरमध्ये ठेवण्याआधी गुजरीतल्या सराफाला दाखवून ओवून घ्या. पावत्या, वजनं आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो एका पाकिटात ठेवा.

देवदेव करायला निघताना वार बघा. जोतिबाला रविवारी आणि अंबाबाईला शुक्रवारी गर्दी असते, नव्या जोडप्याला मधला वार सोयीचा. जोतिबाला जाताना लग्नाचा शालू नेसू नका. गुलाल रेशमात बसला की निघणं अवघड. सुती कपड्यावरचा गुलालही आधी कोरडा झटकायचा, पाणी लागलं की तो पसरतो.

विवाह नोंदणी मागे पडते, कारण तिची आठवण कुणी करून देत नाही. महाराष्ट्रात लग्नापासून 90 दिवसांत अर्ज करायचा असतो. त्यापुढेही नोंदणी होते, पण जादा शुल्क पडतं. नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी, सगळ्यांच्या सह्या लागतात. साक्षीदार मुंबई-पुण्याचे पाहुणे असतील तर परतायच्या आधी त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि येण्याच्या तारखा घेऊन ठेवा. त्यापेक्षा गावातलेच तीन धरा. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, विधीचा फोटो आणि लग्नपत्रिका लागते, म्हणून चार-पाच पत्रिका जपून ठेवा. पत्रिकेवर लाडाचं नाव छापलं असेल तर दाखल्यावरचं नाव अर्जात अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. मुलीला नाव बदलायचं असेल तर प्रमाणपत्र हातात आल्यावर आधी आधार, मग पॅन, मग बँक. उलट क्रमाने गेलं की प्रत्येक खिडकीवर नावं जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. बदलायचं नसेल तर नोंदणीपुरतंच काम. दोन्ही बाबतींत रेशनकार्डावर माहेरून नाव कमी करून सासरी चढवणं राहतंच.

फोटोवाल्याकडून सगळे मूळ फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. अल्बमची निवड सावकाश करा, फोटो ताब्यात घ्यायला उशीर नको.

आता खरी शर्यत बेगमीची. ज्या घरात मेमध्ये लग्न, त्या घरात वर्षाची चटणी हमखास राहते. चटणीला किमान तीन कडक उन्हं लागतात, तेव्हा वळवाचे ढग बघून दिवस धरा. देठं काढलेली एक किलो मिरची घ्या, अर्धी ब्याडगी रंगाला, अर्धी संकेश्वरी तिखटाला. त्याला एक किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, शंभर ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम जिरं, पाव किलो मीठ आणि घरच्या अंदाजाने खडा मसाला. ओटीतलं खोबरं आणि हळकुंडं इथे संपतात. खोबऱ्याची काळी पाठ किसून काढा आणि वास घेऊन बघा. खवट वाटी एकच गेली तरी सगळी चटणी खवट होते.

चटणी बिघडते ती जवळजवळ नेहमी कांद्यामुळे. कांदा पातळ चिरून दोन दिवस उन्हात सुकवा, मग तेलात तांबूस तळा, इतका की गार झाल्यावर चिमटीत चुरचुरून मोडला पाहिजे. वाकतो तो कांदा अजून ओला आहे, त्याला पुन्हा कढई दाखवा. मिरचीचंही तसंच, उन्हातून उचलल्यावर हातात कडकन मोडली पाहिजे. मीठ कढईत कोरडं परतून घ्या, त्यातली ओल निघते. लसूण सोलून कोरडा करा आणि तेलात हलका परता. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ भाजेपर्यंत जिरं जळतं.

डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत, मेअखेरीस रांगा असतात, म्हणून मिरची उन्हात घालायच्या दिवशीच नंबर विचारून या. कुटून आणलेली चटणी गरम असते. घरी आल्यावर सुती कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. वर हिंगाचा खडा ठेवा, तोंडाला कापड बांधा. तीन-चार दिवसांनी बरणी उघडून बघा. वरच्या थराच्या गुठळ्या होत असतील तर ऊन आहे तोवर सगळी पुन्हा पसरा. पाऊस लागल्यावर हा उपाय उरत नाही.

लक्ष्मीपुरीतून वर्षाचं धान्य भरण्याआधी लग्नाचा उरलेला शिधा मोजा. मैदा आणि बेसन आधी संपवा, रवा कोरडा भाजून ठेवा. तूरडाळीला दहा किलोमागे दोन-तीन मोठे चमचे एरंडेल तळहातांनी चोळून, एक ऊन देऊन भरा. जुन्या डब्यात नवं धान्य ओतू नका, डबा धुऊन, वाळवून मगच भरा. कोपऱ्यातला एक किडका दाणाही पुरतो.

शेवटी गच्ची आणि दार. मांडवासाठी मारलेले खिळे काढा, भोकं सिमेंटने बुजवा. तोरणाचे दोरे, थर्माकोल, फुलांचा चुरा गच्चीच्या पन्हाळीच्या तोंडाशी अडकलेला असतो, तो हाताने काढून वर एक बादली पाणी ओतून बघा. झेंडूचे हार पंचगंगेत सोडू नका. दोरा काढून पाकळ्या मातीत मिसळल्या की खत होतं. पूर्ण वाळलेली फुलं बाजूला ठेवा, त्यातलं बी जूनमध्ये कुंडीत टाकता येतं. नवरदेवाच्या कोल्हापुरी चपलांना एरंडेलाचा पातळ हात फिरवा, एक दिवस मुरू द्या आणि कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बांधल्या तर पावसाळ्यात कातड्यावर पांढरी बुरशी चढते.