उकळलेल्या मुठी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका वाड्यातून शस्त्रक्रियेच्या हत्यारांची पेटी आमच्याकडे जतनाच्या कामासाठी आली. घरातल्या आजींनी सांगितलं, खापरपणजोबांची आहे, सत्तावन सालातली, आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत पाय कापत. पेटी अस्सल आहे. महोगनीचं खोकं, पितळी कोपरे, आत लाल मखमल. वरच्या ताटलीत छोट्या सुऱ्या, वाकड्या सुया, मेण लावलेलं रेशीम. खाली अवयव कापायच्या, शल्यविशारद लिस्टनच्या नावाच्या लांब सुऱ्या, नडगीच्या दोन हाडांमधलं मांस सोडवायची दुधारी कॅटलिन, करवत, टेनॅक्युलम म्हणजे रक्तवाहिनी ओढून धरायचा अणकुचीदार आकडा, आणि स्क्रूचा टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातपाय आवळायचा पट्टा.

मखमल पावसाळ्यात ओल धरते आणि पात्याच्या खालच्या अंगाला गंज चढतो. तो भिंगाखाली, स्काल्पेलच्या टोकानं कोरडाच खरवडायचा, मग व्हाइट स्पिरिटचा बोळा आणि शेवटी मेणाचा पातळ हात. पाणी लावायचं नाही. यापूर्वी कुणीतरी पितळ घासायची पेस्ट वापरून सगळं चकचकीत केलेलं होतं, त्यात दोन पात्यांवरचा कारागिराचा शिक्का झिजला आणि मुठींच्या जाळीदार खाचांत पांढरी पूड घट्ट बसली. जुनी वस्तू चमकली की जपली, ही समजूत फार नुकसान करते.

त्या खाचा सुईनं मोकळ्या करताना मुठींचा प्रकार लक्षात आला. मुठी आबनुसाच्या. अशा सुरीचं शेपूट मुठीत राळेच्या लुकणानं बसवलेलं असतं. उकळत्या पाण्यात राळ मऊ होते, मूठ खिळखिळी होते, लाकूड उभं तडकतं. इथे मोठ्या सुऱ्यांच्या आणि करवतीच्या मुठी तशाच तडकलेल्या आहेत, कवटीला भोक पाडायच्या ट्रिफाइनची मूठ मात्र शाबूत. दोन सुऱ्यांना लाकडातून आरपार पितळी खिळी ठोकून मूठ पुन्हा पक्की केलेली आहे, आणि हे काम मूळ कारखान्याचं नाही. खिळीच्या कडेवर धार लावताना उमटलेले चरे आहेत, म्हणजे दुरुस्तीनंतरही सुरीला धार लागत होती.

जखमा जंतुनाशकानं जपायची अँटिसेप्टिक पद्धत मांडणाऱ्या शल्यविशारद लिस्टरचे लेख १८६७ चे. कार्बोलिक या जंतुनाशक आम्लाच्या वीसास एक द्रावणात हत्यारं भिजवत, ते थंडच असे, त्यानं राळ सुटत नाही. सोड्याच्या पाण्यात उकळण्याची रीत रुळली १८९० च्या सुमारास, आणि त्याच काळात अखंड धातूच्या मुठी आल्या. तेव्हा या पेटीच्या मालकानं जुनीच हत्यारं नव्या रीतीनं वापरली, असं मला वाटतं. नंतरच्या कुणा नोकरानं नुसती धुण्यासाठी उकळली असतील, ही शंका खिळींमुळे कमी होते, पुरती जात नाही.

घरच्यांना वेगाचं कौतुक. बघायला येणारेही तेच विचारतात. भूल नव्हती तोवर वेगाला मोल होतं. १८४६ चं ईथर आणि १८४७ चं क्लोरोफॉर्म आल्यावर ती घाई सुटली, तरी रोगी दगावतच होते. खुद्द लिस्टरच्या आकड्यांत अँटिसेप्टिक पद्धतीपूर्वी ३५ अवयवछेदनांत १६ मृत्यू आणि नंतर ४० मध्ये ६.

खरं कसब कुठे होतं ते करवतीपाशी कळतं. आधी कातडी गोल कापून वर सरकवायची, मग मांस त्याहून वर, हाड त्याहूनही वर, म्हणजे हाडाचं टोक मांसात बुडतं. हाडावरचा पातळ पडदा सुरीनं आधी तोडून घ्यायचा. करवतीची टाच हाडावर टेकवून पहिला ओढा मागे घ्यायचा, खाच पडली की मगच पुढे. पाय धरणाऱ्या माणसानं तो उचलला तर करवत अडकते, खाली सोडला तर शेवटी हाडाची चिरफळी उडते. त्या मदतनिसाचं नाव कुणी लिहून ठेवत नाही.

नंतर टेनॅक्युलमनं एकेक धमनी ओढून रेशमानं बांधायची, एक टोक छाटायचं, दुसरं जखमेबाहेर लोंबतं ठेवायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी धमनीचं बांधलेलं टोक कुजून दोरा सुटे, आणि नेमक्या त्या दिवशी रक्त उसळून माणूस जाई. म्हणून टूर्निके खाटेशी सैल अडकवून ठेवत. या टूर्निकेचा पट्टा एका भोकापाशी फार झिजलाय. पुढे कार्बोलिक लावलेल्या कॅटगटमुळे, म्हणजे शरीरात विरघळणाऱ्या आतड्याच्या दोऱ्यामुळे, दोन्ही टोकं आखूड कापून जखम मिटवता येऊ लागली.

पेटीच्या खालच्या थरात मखमल वेड्यावाकड्या कात्रीनं कापून एक जादा खोबण केलेली आहे. त्यात रक्तवाहिनी दाबून धरायचा, शल्यविशारद स्पेन्सर वेल्सचा दातेरी अडकणीचा चिमटा बसतो, अख्खा धातूचा. तो चिमटा १८७० च्या दशकातला, उरलेल्या संचाहून नवा. नोंदपत्रावर मी 'संच सत्तावनचा' लिहिलेलं नाही, 'लाकडी मुठींचा संच, नंतर उकळलेला व दुरुस्त केलेला, त्यात पुढच्या काळातला एक चिमटा' असं लिहिलं. आजी थोड्या हिरमुसल्या. मी त्यांना भिंगातून खिळी दाखवल्या, त्यांनी बराच वेळ पाहिल्या आणि विचारलं, "म्हणजे ते पुढे शिकत राहिले?" हत्यारांवरून तरी तसंच दिसतं, असं सांगितलं. सुऱ्या आता मखमलीत नाहीत, आम्लरहित कागदावर वेगळ्या ठेवल्या आहेत, जवळ सिलिका जेल.