सातवा शॉट

सातव्या शॉटला प्रेसचा वरखाली होणारा रॅम वर गेला, पीस बाहेर आला आणि प्रेसभोवतीची बोलणी थांबली. पंचाच्या, म्हणजे पत्रा साच्यात ढकलणाऱ्या ठोकळ्याच्या, कोपऱ्याच्या जरा वर, उभ्या भिंतीत, बोटभर लांबीची चीर. आधीचे सहा पीस टेबलावर ओळीने मांडले होते, त्यांतला एकही फाटलेला नव्हता.

चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या गरम ड्रॉची, म्हणजे पत्रा तापवून साच्यात ओढण्याची, ही पहिलीच मोठी ट्रायल. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचं खोलगट झाकण, ५७५४ ग्रेडचा दीड मिमी पत्रा, खोली ८५ मिमी. थंड पत्र्यावर आम्ही महिनाभर झटलो होतो. साठ मिमी खोलीच्या पुढे गेलं की कोपरे फाटायचे. हा मॅग्नेशियमवाला पत्रा २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान तापवला की मऊ होतो, आणि महत्त्वाचं म्हणजे एकाच जागी बारीक होऊन तुटत नाही, ताण आजूबाजूला वाटून घेतो. म्हणून डाय (खालचा साचा) आणि ब्लँक होल्डर (पत्र्याची कड दाबून धरणारी चौकट) यांच्यात हीटर बसवून ते २५० ला ठेवले होते, पंचातून मात्र गार पाणी फिरवत होतो. कडेचा पत्रा गरम, म्हणून तो आत सरकायचा. पंचाला टेकलेला पत्रा गार, म्हणून तो ओढ सोसायचा. हे गणित मी सहा महिने सिम्युलेशनमध्ये तपासत होते.

आठवाही फाटला.

मला पहिला संशय क्लिअरन्सचा, म्हणजे पंच आणि डायमधल्या फटीचा, आला. ३०० मिमी लांबीचं डायचं तोंड २५ वरून २५० अंशांना गेलं की सुमारे ०.८ मिमीने उघडतं, आणि गार पंच तेवढाच राहतो. पण ते मी डिझाइनमध्येच धरलं होतं. तापमान मोजणारे थर्मोकपल चारही कोपऱ्यांत २५० च्या आसपास दाखवत होते. पंचातून बाहेर पडणारं पाणी कोमटही नव्हतं. आमचे सर म्हणाले, पत्रा अजून मऊ करा, २८० वर न्या. ऐकायला बरोबर वाटलं. तासाभराने नववा शॉट मारला, तो आठव्यापेक्षाही कमी खोलीला फाटला. ब्लँक होल्डरचा दाब कमी केला तर कडेला सुरकुत्या आल्या, आणि फाटणं काही थांबेना.

गिऱ्हाइकाकडचे साहेब तीनला येणार होते. घड्याळात साडेबारा वाजले होते.

प्रेसवर आमचे मामा होते, पस्तीस वर्षं पत्रा ओढलेला माणूस. ते फाटलेल्या पीसकडे बघतच नव्हते. चांगल्या सहांच्या कडेवरून ते नख फिरवत होते. मग म्हणाले, "मॅडम, पहिला आणि सहावा हातात घेऊन बघा. ह्यो सहावा चांगला नाहीये."

मी नख फिरवलं. पहिल्या पीसची बाहेरची भिंत गुळगुळीत होती. तिसऱ्यावर बारीक रेघा लागत होत्या आणि सहाव्यावर नख अडकत होतं. मग कॅलिपर घेऊन लांब बाजूच्या मधोमध उरलेली कड मोजली. पहिल्यावर १८ मिमी, तिसऱ्यावर १९, सहाव्यावर २१.५. खोली सगळ्यांची तीच, ८५. म्हणजे दर शॉटला कडेचा पत्रा थोडा कमी आत येत होता, आणि जो आला नाही त्याची भरपाई भिंत ताणून होत होती. भिंतीत उरलेली ताकद सहाव्यापर्यंत पुरली. पीस सातव्याला फाटला खरा, पण बिघाड दुसऱ्यापासूनच सुरू झाला होता, आणि मी मात्र फक्त चिरा शोधत होते.

टॉर्च मारून डायच्या रेडियसवर, म्हणजे तोंडाच्या गोलसर काठावर, पाहिलं तर चंदेरी पट्टे दिसले. पत्र्यातलं ॲल्युमिनियम डायला चिकटलेलं. आजूबाजूला तेल जळून तपकिरी रोगण झालं होतं.

गरम पत्र्याचं घर्षण इथेच थंड पत्र्यापेक्षा वेगळं पडतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ, कडक पापुद्रा असतो. पत्रा ताणला की पापुद्रा फुटतो आणि खालचा ताजा धातू उघडा पडतो. थंडपणी मध्ये तेल असतं, ते सांभाळून घेतं. २५० ला तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि जळतं. पत्रा मऊ झाल्याने त्याचे बारीक उंचवटे चेपतात, डायला खरोखर टेकणारी जागा वाढते आणि ताजा धातू स्टीलला धरून बसतो. एकदा थर बसला की पुढचा पत्रा ॲल्युमिनियमवरच घासतो, आणि ही जोडी एकमेकांना सर्वांत लवकर चिकटणारी. सैल कणकेची पोळी लाटताना हेच होतं. सैल कणीक छान पसरते, पण पिठी संपली की पोळपाटाला चिकटते आणि पोळी फाटते. २८० वर नेऊन आम्ही कणीक आणखी सैल केली होती, आणि पोळपाटावर पिठी नव्हतीच.

सिम्युलेशनमध्ये मी घर्षणाचा आकडा सगळीकडे ०.१ धरला होता. तो थंड, तेल लावलेल्या पत्र्याचा आकडा.

पण मग पहिला पीस इतका सुंदर कसा आला? तेल तर तेव्हाही जळत होतं. हे कोडं सुटेना, तेव्हा मी मामांना विचारलं, "मामा, सकाळी डाय बसवताना काही लावलं होतं का?"

"मोलीची पेस्ट. नेहमीच लावतो की मी, गंज धरू नये म्हणून."

मोली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. ती काळी पेस्ट २५० ला टिकते. सकाळी सात वाजता गार डायवर हाताने फासलेला तो थर सहा शॉट पुरला आणि घासून संपला. प्रोसेस शीटवर, म्हणजे कामाच्या सूचनांच्या कागदावर, मी लिहिलेलं तेल पहिल्या शॉटपासूनच काही काम करत नव्हतं. मामांनी काहीच लपवलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारणं माझं काम होतं.

हीटर बंद केले. साहेब तीनला आले, त्यांना फाटलेले पीस, कडेची मापं आणि चिकटलेली डाय सगळं दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "थांबतो."

डाय निवायला पाच वाजले. चिकटलेलं ॲल्युमिनियम खरडलं असतं तर रेडियसवर ओरखडे पडले असते, म्हणून कॉस्टिक सोड्याचं पाणी लावलं. ते ॲल्युमिनियम खातं, स्टीलला काही करत नाही; एक्स्ट्रूजनवाले (साच्याच्या भोकातून धातू दाबून काढणारे) आपल्या डाय असंच साफ करतात. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून सगळी शटर उघडी, ग्राइंडर बंद, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल. मग डाय धुऊन, पुसून मामांनी बारीक पेपरने पॉलिश केलं, पत्रा ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने. आडवं पॉलिश केलं तर प्रत्येक रेघ पत्र्याला धरून ठेवते.

मोली आता पुरेशी शिल्लक नव्हती. शेजारच्या फोर्जिंगवाल्यांकडून (तापलेला धातू ठोकून घडवणारे) पाण्यातल्या ग्रॅफाइटचा कॅन आणला. त्यांचं रोजचं काम त्यावरच चालतं.

ते कुठे लावायचं, यावर मात्र मी अडून बसले. पोरं ब्रश घेऊन पूर्ण ब्लँक, म्हणजे ओढायच्या आधीचा कापलेला पत्रा, रंगवायला निघाली होती. पण पंचाच्या तोंडाखाली मला घर्षण हवं होतं. तिथे पत्रा पंचाला धरून राहिला तर तळ आणि तळाचा कोपरा पातळ होत नाही. घसरायला हवी ती कड आणि डायचा रेडियस. मामांनी पुठ्ठ्यातून पंचाच्या मापाचा तुकडा कापला, ब्लँकच्या मधोमध ठेवला आणि भोवतीच फवारा मारला. उलटवून डायकडची बाजू पूर्ण काळी केली.

डाय परत २५० ला यायला रात्रीचे साडेनऊ झाले. पहिला शॉट, कड १८. पाचवा, १८. सातव्याला मी श्वास रोखून उभी होते. कड १८, भिंत गुळगुळीत. विसाव्याला १८.५ भरली तेव्हा साहेब उठले, पीस दोन्ही हातांत धरून बराच वेळ भिंत न्याहाळत राहिले आणि मामांशी हात मिळवला.

काम संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पीस धुऊन आले तरी कोपऱ्यांत पांढरं फडकं फिरवलं की काळं होत होतं. हे झाकण पुढे चिकटवायचं असतं, तिथे ग्रॅफाइट चालणार नाही. शिवाय ओल आली की ग्रॅफाइटजवळ ॲल्युमिनियम गंजतं. म्हणून बोरॉन नायट्राइडचे नमुने मागवले, आणि डायच्या इन्सर्टवर (बदलता येणाऱ्या तुकड्यांवर) कार्बनचा कडक कोटिंग देण्याचं ठरवलं. सिम्युलेशनमधला एक आकडा काढून मी तीन घातले: कडेसाठी एक, रेडियससाठी एक, पंचासाठी एक.

त्या आठवड्यात प्रोसेस शीटमध्ये सगळ्यात वर एक नवी ओळ वाढवली. पुढच्या ट्रायलला ती मामांच्या अक्षरात भरलेली होती: 'सकाळी ७. डाय कोरडी. काही लावलं नाही.'