अफिंग्टनचा घोडा आणि कथलाचं पदक

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमध्ये अफिंग्टनच्या टेकडीच्या उतारावर एक प्रचंड पांढरा घोडा कोरलाय, पण टेकडीवर चढून गेलं की तो दिसतच नाही. समोर असतो तो गवतातून वळत गेलेला पांढरा पट्टा. पूर्ण आकृती सुमारे ११० मीटर लांब आहे, ती कळते खालच्या खोऱ्यातून किंवा आकाशातून. चर खणून त्यात खडूचा दगड ठासून भरलाय. १९९० च्या दशकात तिथल्या मातीची तपासणी झाली आणि घोडा जवळपास तीन हजार वर्षांचा निघाला. दर काही काळाने गवत उपटून नवा खडू ठोकला नाही, तर तो बुजून जाईल. पिढ्यानपिढ्या लोक ते करत आलेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गावातल्या कार्यशाळेत हाच घोडा प्युटरमध्ये ओतायला बसले. प्युटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. पूर्वी शिसंही घालत, आता दागिन्यांत घालत नाहीत. साचा कशाचा, तर समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याच्या आतल्या पांढऱ्या, हलक्या कवचाचा! आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर पडलेला असतो, तोच. दोन तुकडे घासून सपाट करायचे, एकावर घोडा कोरायचा, धातू आत जायला वाट ठेवायची आणि तारेने घट्ट बांधायचं. घोड्याची मान कोरताना हात हलका ठेवावा लागतो, कारण नखानेसुद्धा खड्डा पडतो.

कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे छोट्या शेगडीवर काम भागतं. पळीतून ओतलं आणि बघता बघता धातू घट्ट झाला. साचा उघडला तर समुद्रफेसाच्या बारीक रेषा घोड्याच्या अंगावर जशाच्या तशा उमटलेल्या. मग कानशीने कडा घासल्या, काळा रंग चढवला आणि वरचा भाग पुसून चकचकीत केला. काळं फक्त खाचांत उरलं.

दुकानांत केल्टिक, म्हणजे युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांचे म्हणून गाठींच्या नक्षीने भरलेले घोडे मिळतात. ती नक्षी बरीच नंतरची, मध्ययुगातली. मला जुन्या नाण्यांवरचे घोडे जास्त भावतात. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या, म्हणजे अलेक्झांडरच्या वडिलांच्या, सोन्याच्या नाण्यावर दोन घोड्यांचा रथ होता. गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, केल्टिक टोळ्यांनी त्याची नक्कल केली, आणि पुढे ती ब्रिटनमध्येही पोचली. होता होता रथाचं एखादं चाक तेवढं राहिलं आणि घोडा चार वळणांत आणि काही ठिपक्यांत मावला. काहींना तर तीन शेपट्या! त्याच गॉलमध्ये एपोना ही घोड्यांची देवी पुजली जायची आणि पुढे रोमन घोडदळानेही तिला आपलंसं केलं.

टेकडीवर जाणार असाल तर आधी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातली केल्टिक नाणी जरूर पाहा. आणि प्युटरचं पदक घेतलंत, तर ते शेगडीपासून लांब ठेवा.