पत्रा, पाऊस आणि 48 घनतेचं रॉकवूल

माकडांना कंटाळून बाबांनी आमच्या रत्नागिरीकडच्या घराची मंगलोरी कौलं उतरवून पत्रा घातला होता. तेव्हापासून मे महिन्यात दुपारी माळ्यावर थांबवत नव्हतं आणि आषाढात पत्र्यावरच्या पावसात शेजारच्या खोलीतून आईने मारलेली हाक ऐकू येत नव्हती. पत्रे गंजले, तेव्हा बदलतानाच दोन्ही त्रास मिटवायचे ठरवले. गवंडी, सुतार, नवे पत्रे सगळं वेळेत झालं. अडलं ते एका दुकानात.

मला रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा थर, हवं होतं, 50 मिमी जाडीचं, 48 घनतेचं, म्हणजे घनमीटरला 48 किलो. दुकानदाराने थर्माकोल पुढे केला. म्हणे, ऊन अडतं तर आवाजही अडेल. तसं होत नाही. थर्माकोल ऊन छान अडवतो, पण आवाज त्यात जिरत नाही. पफ पॅनेलचंही, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या फळीचंही, तेच. आवाज जिरायला तंतूंचा थर लागतो आणि त्याखाली वजनदार फळी. शेवटी आगाऊ पैसे घेऊन त्याने ऑर्डर लिहिली. मग "गाडी उद्या येतेय" सुरू झालं. मृग तोंडावर, वरचे पत्रे चढलेले, आत काम ठप्प, सुतार दुसरीकडे जायच्या बेतात.

माल आला तो लेबलाशिवाय. बिलावर मात्र 48. मी एक स्लॅब स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 1000 बाय 600 बाय 50 मिमीचा स्लॅब 48 घनतेचा असेल तर 1 किलो 440 ग्रॅम भरायला हवा. तो जेमतेम निम्मा भरला. दुकानदार म्हणाला, "सगळे हाच नेतात, कोणी वजन करत नाही." माल परत केला, आणि बरोबर वजनाचा आल्यावरच उरलेले पैसे दिले. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही वजन कराच.

आता रचना अशी: पत्र्याखाली हवेची फट, मग चकाकती फॉइल, खाली रॉकवूल, शेवटी साडेबारा मिमी जिप्सम बोर्ड. फॉइल पत्र्याला चिकटवू नका. समोर फट असली तरच ती कामाची. आढ्याजवळ गरम हवेला वाट ठेवली, ती फॉइलच्या वर. खोलीच्या बाजूला मात्र सगळं बंद, कारण वारा जातो तिथून आवाजही येतो. फॉइलचे जोड पन्हळीकडे उतरते ठेवले, म्हणजे पत्र्याला सुटलेलं पाणी रॉकवूलमध्ये मुरत नाही. ओलं झालं की ते ऊनही अडवत नाही.

पाऊस अजून ऐकू येतो, पण आता आईची हाकही ऐकू येते. दुपारी माळ्यावर पोरं अभ्यास करतात.

आणि हो, सगळ्यात आधी वासे तपासून घ्या. असा बोर्ड चौरस मीटरला 8-9 किलो भरतो, शिवाय तो धरणाऱ्या लोखंडी चॅनेलचं वजन वेगळं. आमचे दोन वासे बदलावे लागले. बोर्ड आणि भिंतीमधली फट सीलंटने भरा, आणि छतात दिव्यांसाठी भोकं पाडू देऊ नका. दिवे भिंतीवर घ्या.