बेट जवळ, डॉक्टर लांब

मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. बारा ते चारची वॉच, नकाशे आणि दवाखाना, ही तिन्ही कामं माझ्याकडे. मे महिन्यातल्या त्या पहाटे ती तिन्ही एकदम अंगावर आली.

अर्जेंटिनाहून सोयापेंड भरून आम्ही ऑस्ट्रेलियाला चाललो होतो. जहाज ४२ अंश दक्षिण, ५५ अंश पूर्व या जागी होतं. पश्चिमेच्या वाऱ्याचा हा पट्टा म्हणजे खलाशांचं ‘रोअरिंग फॉर्टीज’. वॉच संपवून खाली आलो तर फिटर इंजिनरूममधल्या एका ऑइलरला खांद्याचा आधार देऊन दवाखान्याच्या दारात उभा. मुरुडचा पोरगा, २४ वर्षांचा. आदल्या दिवशी बेंबीभोवती दुखत होतं, पण कुणाला बोलला नाही. आता दुखणं उजवीकडे खाली उतरलं होतं. तिथे मी बोटांनी हळूहळू दाबलं आणि हात झटकन काढला. दाबताना त्याने दात आवळून सहन केलं. हात काढला तेव्हा मात्र ओरडला. ताप १०२. अपेंडिक्सच असणार हे मला तिथेच कळलं.

रोममध्ये एक रेडिओ मेडिकल केंद्र आहे. १९३५ पासून ते समुद्रावरच्या माणसांना फुकट सल्ला देतं. तिथल्या डॉक्टरांनी सलाइन आणि शिरेतून दोन अँटिबायोटिक्स द्यायला सांगितलं, खाणंपिणं बंद केलं. ऑपरेशन होईल अशा ठिकाणी न्यायची तयारी ठेवा, म्हणाले. सुई टोचताना पोरगा एवढंच बोलला, “सर, आईला कळवू नका हां.”

ब्रिजवर जाऊन मी एक्डिसवर, म्हणजे जहाजाच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर, पहिलं बोट ठेवलं ते क्रोझे बेटांवर. तीनशे सागरी मैल, एका दिवसाची वाट. कॅप्टनने विचारलं, “आणि उतरवायचा कसा?” किनाऱ्यांची माहिती देणारं पायलट बुक उघडलं तेव्हा त्या प्रश्नाचं वजन कळलं. तिथे फ्रेंचांचा तळ आहे, तळावर डॉक्टर आहे, पण बंदर नाही. किनाऱ्यावर सतत लाट फुटते, माणसं आणि सामान सहसा हेलिकॉप्टरनेच उतरवतात, आणि ते हेलिकॉप्टर येतं रसद आणणाऱ्या जहाजासोबत. रेयुनियन या फ्रेंच बेटावरच्या बचाव केंद्राला विचारलं. ते जहाज तेव्हा तिकडे नव्हतं. याच क्रोझेवर १८७५ साली ‘स्ट्रॅथमोर’ जहाज फुटलं आणि वाचलेली माणसं जवळपास सात महिने पक्ष्यांवर जगली. आमच्या पोराला वर तळावरचा दिवा दिसला असता आणि तो बोटीतच राहिला असता.

मॅरियन बेट आठशे मैल मागे, तेही वाऱ्याच्या तोंडावर. तिथे दक्षिण आफ्रिकेचा तळ, पण बंदर नाहीच. हर्ड हजार मैल आग्नेयेला. २,७४५ मीटर उंचीचा बर्फाळ ज्वालामुखी आणि एकही माणूस नाही. बुव्हे तर पार अटलांटिकमध्ये, नव्वद टक्क्यांहून जास्त बर्फाखाली; त्याचा विचारही करायचं कारण नव्हतं.

राहिलं केर्गेलेन. ७७० मैल, अडीच दिवस. गोव्याच्या जवळपास दुप्पट पसारा, आणि या सगळ्या बेटांत जहाजाला खरा आडोसा मिळेल असं तेवढंच. मोर्बिहानच्या आखातात शिरलं की दक्षिण महासागराची लाट मागे राहते, आणि आतल्या पोर्-ओ-फ्रान्सेच्या तळावर हिवाळ्यातही पन्नासेक माणसं आणि डॉक्टर असतात. १७७६ च्या नाताळात इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकची जहाजं इथे थांबली होती. स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या खलाशांनी पुढे इथला रानकोबी खाल्ला. दुखणाइतांना या बेटाने आधीही हात दिला आहे, म्हणून माझं मन तिकडेच ओढत होतं.

पण मे महिना, म्हणजे दक्षिणेत हिवाळ्याचं तोंड. आग्नेयेला हवामान आणखी बिघडणार, आणि तिथे धावपट्टी नाही. ऑपरेशनमध्ये काही गुंतागुंत झाली तर पुढचं जहाज येईपर्यंत पोरगा तिथेच. दुसरीकडे पोर्ट लुई, मॉरिशस: १,३२० मैल, साडेचार दिवस, पण मोठं हॉस्पिटल आणि दर मैलाला निवळत जाणारा समुद्र. दुपारी चारला ताप १००.४ वर आला. पोट कडक नव्हतं. रोमचे डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय, उत्तरेला जा. कॅप्टनने विचारलं, “तुझं काय मत?” मी म्हटलं, “पोर्ट लुई.” हे म्हणताना माझ्या पोटात गोळा आला होता. वाटेत अपेंडिक्स फुटलं असतं तर तो निर्णय माझाही होता.

जहाज डावीकडे वळलं आणि लाट बाजूने घेऊन असं डोलायला लागलं की सलाइनची बाटली आम्ही आळीपाळीने हातात धरली. कुणाला सांगावं लागलं नाही, आमचा स्वयंपाकी स्वतः येऊन बसला.

पाचव्या दिवशी पोर्ट लुईच्या बाहेर लाँच आली. स्ट्रेचरवरून उतरताना पोरगा म्हणाला, “आता कळवा घरी.” त्याच रात्री ऑपरेशन झालं.

त्या दिवसांत मी एक वही केली. प्रत्येक बेटाला एक पान: आडोसा कुठल्या वाऱ्यात, बोट लागते का, डॉक्टर आहे का, पुढे न्यायची सोय काय. एक्डिसवर सगळी ठिपक्यासारखीच दिसतात. क्रोझेच्या पानावर लिहिलंय: मे महिना, ३०० मैल, डॉक्टर आहे, उतरता येत नाही.